रहाटाचा फोटो

आधी काय घ्यावं, हे ठरवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. तेव्हा मी वसईत शाळामास्तर होतो आणि माझ्याकडे साधा बॉक्स कॅमेरा होता. नवा कॅमेरा घ्यावा की आधी तिपाई, यावर मी दर रविवारी जवळच्या गिरीज गावातल्या केळीच्या एका वाडीत बडबडत बसायचो. ऐकणारा एकच, रहाटाच्या बैलामागून गोल फिरणारा गडी. माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मी त्याला अरेतुरे करायचो. माझ्या कॅमेऱ्याला हललेलं चालत नसे, म्हणून मी ‘थांब’ म्हटलं की तो रहाट थांबवायचा. केळींकडे जाणारं पाणीही थांबायचं. मग तो बैलाच्या डोळ्यांवरचं फडकं सोडायचा आणि त्यानेच स्वतःचा घाम पुसायचा. कुरकुर कधी केली नाही.

एकदा मी त्याला एक फोटो नेऊन दाखवला. ओले हात धोतराला पुसून त्याने तो घेतला, बराच वेळ पाहिला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“बैल बेस आलाय,” तो म्हणाला.

“कॅमेरा जुना आहे रे. नवा घेतला की बघ.”

फोटो परत देत तो हसला. “घ्या की मास्तर. पन ज्यात मी बी येईन, असा घ्या.”

घरी येऊन मी सगळे फोटो काढून बसलो. रहाट होता, बैल होता, केळी होत्या. तो एकातही नव्हता. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. दर वेळी खटका दाबण्याआधी मीच त्याला म्हणायचो, “जरा बाजूला हो रे.”