वीतभर इंजिन आणि लाल दिवा

सूचना. तमाम रसिक मायबापांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, झाडीपट्टीतल्या एका अंगणात, तुळशीपासून न्हाणीपर्यंत, एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान एक रेल्वे धावत होती. तिचे उद्घाटन कुणा मंत्र्याने केले नाही, तिला तिकीट नव्हते, आणि पहिल्याच फेरीत आमची एक कोंबडी थोडक्यात बचावली. सरकारने या लाइनीची दखल घेतली नाही, म्हणून ती मी घेतो आहे. सर्वांनी टोप्या काढाव्यात.

आता परत घाला. गोष्ट माझ्या बाबांची आहे, आणि त्यांना कुणी उभं राहून मान दिला की ते लाजायचे.

बाबा छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, ड्रायव्हर होते. ब्रह्मपुरीकडून निघायचं, सिंदेवाहीवरून चांद्याला जायचं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. मधे सगळं जंगल. चढ आला की बाबा इंजिनाशी बोलायचे, "चाल बाई, चाल, थोडंच राह्यलं." एकदा माय त्यांच्याबरोबर गाडीनं गेली आणि हे ऐकून आली. मग बरेच दिवस भाकरी वाढताना म्हणायची, "खा बाई, खा, थोडंच राह्यलं."

ड्रायव्हरांचे डोळे तपासायला रेल्वेचे डॉक्टर यायचे. अंधारी खोली, खोलीत पेटी, पेटीला बारीक भोक, भोकात कधी लाल उजेड, कधी हिरवा. त्या खेपेला बाबांनी लालला हिरवा म्हटलं आणि हिरव्याला लाल. निकाल आला की इंजिनावरून खाली, आणि स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीवर काम. म्हणजे ज्या इंजिनावर उभं राहायचं त्यालाच आता खालून पाणी पाजायचं, आणि त्यांचाच कोळसा टाकणारा फायरमन वरून सांगणार, "बस्स भाऊ, झालं."

बाबांनी होती नव्हती ती सगळी रजा टाकली आणि घरी बसले. बसले म्हणजे लाइनीकडे पाठ करून बसले.

"पेटीतला उजेड काय उजेड हाय?" ते म्हणायचे. "त्या भोकात तं मांजरबी आंधळी होईन. मले लाइनीवर बत्ती दाखवा. नाई थांबलो तं बोला."

स्टेशनमास्तर भले गृहस्थ. ते म्हणाले, "डॉक्टर पौषात पुन्हा येणार आहेत, मी तुमचं म्हणणं घालतो कानावर. पण भाऊ, चालवून दाखवायला इंजिन कोण देणार तुम्हाला?"

बाबा घरी आले आणि चप्पल न काढता मला म्हणाले, "मंग आपण आपलं बनवू."

मी तेव्हा पंचविशीत होतो. धान निघालं की मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकांत विनोदी कामं करायचो, आणि उरलेलं वर्ष, घरच्यांच्या मते, काहीच करत नव्हतो. त्यामुळे कारखान्याचा एकमेव कामगार म्हणून माझी नेमणूक झाली. कच्चा मालही मीच आणला. नाटकाच्या पडद्याच्या दोरीला पितळी कप्प्या असतात. कप्पीला दोन्ही बाजूंनी काठ असतो, त्यातला एक कानशीनं घासून काढला की रेल्वेचं चाक तयार. माझ्या या शोधामुळे त्या साली आमचा पडदा अर्ध्यात अडकायचा, आणि नाटकातले सगळे राजे लोकांना फक्त कमरेखाली दिसले.

बॉयलर झाला भंगारातल्या तांब्याच्या नळाचा. सिलिंडर झाला जुन्या स्टोव्हच्या पंपाचा. तो पाळण्यासारखा डुलायचा. एका अंगाला झुकला की वाफ आत, दुसऱ्या अंगाला झुकला की बाहेर. रूळ म्हणजे पेट्यांना मारतात त्या लोखंडी पट्ट्या, सागाच्या आडव्या ठोकळ्यांत उभ्या बसवलेल्या. पहिल्या वाफेला बॉयलरच्या बुडाचा डाख सुटला आणि उकळतं पाणी मायनं वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. तिनं ते पापड आम्हाला तळून वाढले आणि दोघांच्या तोंडाकडे बघत बसली.

बाबा सगळं बोटांनी करायचे. कड गुळगुळीत झाली का, हे ते खालच्या ओठाला लावून ठरवायचे. पण बारीक पिन भोकात घालायची असली, खूण केलेल्या जागी छिद्र पाडायचं असलं, की काम माझ्याकडे सरकवायचे. "तू कर," ते म्हणायचे, "तुझे हात लहान हायेत." माझे हात त्यांच्यापेक्षा मोठे होते. मी लहान हातांनी पिन घालायचो.

पावसाळा सरता सरता ते चाललं. वीतभर इंजिन, खाली स्पिरिटचा दिवा, वर बोटाएवढं धुराडं. स्पिरिट दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिलं, बदल्यात पुढच्या नाटकात पहिल्या रांगेतली जागा. फक फक फक करत ते न्हाणीपर्यंत गेलं, कोंबडी ओरडली, आणि बाबा हसले. किती महिन्यांनी हसले ते मायला विचारायला हवं होतं.

त्यानंतर परीक्षेची तालीम सुरू झाली. वाफ बंद करायच्या दांडीला बाबांनी लांब दोरा बांधला. दोरा ओढला की इंजिन थांबायचं. रोज दिवेलागणीला बाबा तुळशीपाशी पाटावर दोरा धरून बसायचे, मी इंजिन पेटवून सोडायचो, आणि न्हाणीपाशी माय कंदील घेऊन उभी राहायची. कंदिलापुढे कधी लाल चोळीचा तुकडा धरायची, कधी हिरव्या लुगड्याचा.

पहिल्या संध्याकाळी इंजिन लाल दिव्याखालून गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा मायच्या पायावर आदळलं.

"कंदील हालवून राह्यली तू," बाबा म्हणाले.

"हालला असन," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला खोकला झाला. थोडासाच, एकदा खाकरल्यासारखा. इंजिन निम्म्यावर होतं, बाबांनी दोरा ओढला, इंजिन थांबलं. कंदिलापुढे लाल चोळी होती.

"पाह्य," बाबा मला म्हणाले. "दिसते मले."

त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत. मी नाटकवाला माणूस. विंगेतून कोण कुणाला शब्द पुरवतो हे मला पाठ फिरवूनही ओळखता येतं. मायला फक्त लाल दिव्याला खोकला येत होता. आणि घरात कुणी एकदा शिंकलं तरी अडुळशाचा काढा उकळायला बसणाऱ्या बाबांनी तिला एकदाही विचारलं नाही, की तुले खोकला काऊन झाला.

एकदा ते झोपल्यावर मी म्हटलं, "माय, तुझा खोकला मोठा हुशार हाय."

"तुले इंजन पाहाले ठेवलं ना? तू इंजन पाह्य."

"पण खऱ्या लाइनीवर कोण खोकन?"

ती भांडी घासत होती. तवा पालथा घालून म्हणाली, "तिथं आतापर्यंत कोण खोकत होतं?"

तेव्हा मला कळलं. सिग्नल आला की फायरमन बाबांना सांगत होता, बहुधा वर्षानुवर्षं, आणि माय हे जाणून होती. म्हणजे त्या पेटीनं नवं असं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त पेटीसमोर फायरमन नव्हता.

पौषात डॉक्टर आले. स्टेशनमास्तरांनी शब्द टाकला होता. डॉक्टर उंच, थकलेले आणि हसरे होते. ते म्हणाले, "नियमात हे बसत नाही. पण बत्ती पाहून हे इंजिन थांबवलंत, तर पुन्हा एकदा मोठी तपासणी करावी असं मी वर लिहीन." एवढंच. पण बाबांना एवढंच हवं होतं.

मालगोदामात उजेड कमी असतो म्हणून तिथे रूळ मांडले. एका अंगाला धानाची पोती, एका अंगाला बांबू. दुसऱ्या टोकाला डॉक्टरांचा शिपाई रेल्वेची हातबत्ती घेऊन उभा राहिला. काच फिरवली की लाल, फिरवली की हिरवा. इंजिनशेडमधली माणसं जमली, बाबांचा फायरमनही आला. आणि शिपायाच्या मागे, दाराच्या आडोशाला, डोक्यावरून पदर घेऊन, जेवणाचा डबा हातात धरून माय उभी. नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या बाईला कोण हटकणार?

पहिली फेरी. लाल. माय खोकली. इंजिन थांबलं.

दुसरी फेरी. हिरवा. माय गप्प. इंजिन शिपायाच्या बुटापर्यंत गेलं.

तिसरी फेरी. लाल. थांबलं. फायरमननं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. डॉक्टर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान आहे हो. मी लिहितो."

इथेच पडदा पाडायला हवा होता. पण बाबा उठेनात. असे फुललेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "एक डाव आखरीचा पाहा साहेब," ते म्हणाले. "घाईत नोका जाऊ."

स्पिरिट संपलं होतं. मी म्हटलं, "राहू द्या बाबा." पण स्टेशनच्या बत्तीवाल्यानं मोठ्या कौतुकानं आपलं रॉकेल पुढे केलं, आणि नाही म्हणायला मला कारण सुचेना. दिव्यात रॉकेल भरलं, वात लावली. काळा धूर निघाला. इंजिन निघालं आणि धूर त्याच्या पुढे पुढे, पोत्यांवरून, शिपायावरून, सरळ दाराकडे गेला.

बत्ती हिरवी होती.

मी मायकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, खांदे हलत होते, डबा छातीशी धरला होता. इंजिन निम्म्यावर आलं. तिला जेवढं दाबता आलं तेवढं तिनं दाबलं.

मग ती खोकली.

बाबांनी दोरा ओढला. इंजिन हिरव्या बत्तीसमोर गपकन थांबलं. बाबांनी डॉक्टरांचा आवाज मघाशी जिकडून आला होता तिकडे तोंड वळवलं आणि हसून म्हणाले, "लाल. थांबवली का नाई, साहेब?"

डॉक्टरांनी हिरव्या बत्तीकडे पाहिलं. फायरमन खाली बघत होता. आणि परक्या माणसांपुढे जन्मात तोंड न उघडलेली माझी माय, पदर डोक्यावरून घसरलेला, साऱ्या गोदामाला ऐकू जाईल अशी बोलून गेली, "अजी, हा खोकला खराच होता, धुरानं आला. तुम्ही काऊन थांबले?"