अखंड सोललेली कोळंबी आणि एक फुल तिकीट

मी माझ्या सासूबाईंवर कोळंबी खाल्ल्याचा आळ घेतला. आता तुम्ही म्हणाल, डहाणूतल्या मच्छीमाराच्या घरात कोळंबी खाल्ली तर त्यात आळ कसला? तेच सांगायला तर चहा ठेवलाय. बसा, आणि मध्येच हसू नका. कुठे हसायचं ते मी सांगेन.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी एसटीत कंडक्टर. गाडीत चढणाऱ्याचा चेहरा बघून मला कळतं, हा तिकीट काढणार की उतरेपर्यंत झोपेचं सोंग घेणार. नोकरीत हा गुण फार कामाचा. घरात मात्र त्याने वाट लागते. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी मी आधी विचारते, तेव्हा इथे कोण होतं?

तर मागे दाताच्या डॉक्टरकडे मी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी पाहिली. रंगीत मासे काय, दगड काय, बुडबुडे काय. दाढ दुखायची थांबली हो माझी. घरी येऊन म्हटलं, मला अशी टाकी पाहिजे.

नरेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, समुद्र घरामागे आहे. बघायचा तेवढा बघ की."

सासूबाई म्हणाल्या, "जो तळायचा नाय, त्याला पोसायचा कशाला?"

पण मी ऐकते होय? काचेची टाकी आली, झाकण आलं, दिवा आला. टाकीच्या पाण्यासाठी खास मिठाची पिशवी आली, तेव्हा तर सासूबाईंनी कपाळालाच हात लावला. "मीठ विकत आणलंस? समुद्र काय आटला गो?"

मग मासे आणायला बोईसरच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, एकदम थंड माणूस. तो म्हणाला, "बेन, टाकी लहान आहे. कोणाचं कोणाशी पटतं ते बघूनच घ्या. बाकी हिशेब सोपा, ज्याच्या तोंडात जो मावतो, त्याला तो खातो."

हे वाक्य माझ्यासारखीला सांगायचं नव्हतं त्याने. मुलीला स्थळ बघावं तशी मी एकेका माशाची चौकशी सुरू केली. एक निळा मासा फार देखणा होता. "हा कसा आहे स्वभावाने?"

"दिसायला गोड. पण एकदा कोपरा धरला की दुसऱ्याला फिरकू देत नाही."

बाद. दुसरा पिसारा फुलवून उभा होता, राजासारखा. "ह्याचं तोंड केवढं उघडतं?"

"बेन, ते विचारू नका."

तोही बाद. शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोकर माशांची जोडी घेतली आणि एक पिवळा गोबी, म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलातल्या निवटी माशाचा शहरात वाढलेला भाऊ समजा. दिवसभर बिळात बसतो आणि डोळे बाहेर. तिघांचीही तोंडं मी नीट बघून घेतली. शिवाय एक कोळंबी घेतली. पाठीवर लाल रंग, मधोमध पांढरी रेघ आणि मिशा चांगल्या लांब. ही माशांच्या अंगावरची घाण वेचून खाते, त्यामुळे मासेही तिच्या वाटेला जात नाहीत असं दुकानदार म्हणाला.

घरात सगळं गुण्यागोविंदाने सुरू झालं. म्हणजे टाकीत. बाहेर मात्र माझं लक्ष सासूबाईंवर होतं. त्या दुपारभर खुर्ची टाकून टाकीसमोर बसायच्या. मासे बघत नव्हत्या, कोळंबी बघायच्या. एकदा म्हणाल्या, "जरा भरली की बरी लागेल."

ऐकलंत ना? मी तिथेच मनात नोंद केली.

आणि एका सकाळी बघते, तर वाळूवर कोळंबी आडवी. हात घालून बाहेर काढली आणि उजेडात धरली. आत काहीच नव्हतं. नुसतं साल. डोकं, पाय, मिशा सगळं जागच्या जागी आणि आतलं मांस गायब.

आता माझी अक्कल बघा. माशाने खाल्ली असती तर चिंध्या केल्या असत्या. मांजर म्हणावं तर वर झाकण. इतकी स्वच्छ, अखंड सोललेली कोळंबी हे माणसाच्या हाताचंच काम. आणि असा हात आमच्या घरात एकच. सासूबाईंचं सगळं आयुष्य कोळंबी सोलून सोडे वाळवण्यात गेलं. त्या टीव्ही बघत, न बघता, भांडत, कशाही सोलतात.

पुरावे तर रांगेत उभे राहिले. टाकीचं झाकण तिरकं होतं. आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला जेवण नको, पोट भरलाय." कशाने भरलं?

मी ते साल बशीत ठेवलं आणि बशी त्यांच्यासमोर. तिकीट तपासावं तसा आवाज लावला. "आई, हे काय आहे?"

"कोळंबीचा साल."

"आतली कोळंबी कुठे गेली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बशीकडे, मग परत माझ्याकडे. "तुला काय वाटतं?"

"मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते, काल संध्याकाळी टाकीपाशी कोण होतं?"

नरेश दाढी अर्धी सोडून बाहेर आला. "मनीषा, गप बस."

पण सासूबाई शांतपणे उठल्या. "हो, मीच खाल्ली," त्या म्हणाल्या. "मीठ कमी होतं."

मला वाटलं, कबुली मिळाली. खरंच वाटलं हो. माणूस रागाने बोलतोय की खरं, हे गाडीतल्या अनोळखी चेहऱ्यावर मला वाचता येतं, घरच्या चेहऱ्यावर नाही.

त्या दिवशी माझी ड्युटी चिंचणीच्या गाडीवर होती. डहाणू स्टँडवर गाडी भरली, मी तिकिटं देत पुढून मागे आले, तर मागच्या सीटवर सासूबाई. मांडीवर कपड्यांची पिशवी. निघाल्या होत्या लेकीकडे, चिंचणीला.

"एक चिंचणी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

बायकांना हाफ तिकीट असतं, म्हणून मी मशीनवर हाफ दाबायला गेले.

"हाफ नको. फुल दे. उद्या फुकट खाल्ला म्हणशील."

सगळी गाडी वळून बघायला लागली. शेजारच्या मासळीच्या पाटीवालीने विचारलं, "काय गो मावशी, काय झाला?" आणि सासूबाईंनी वाणगाव येईपर्यंत सगळं सांगितलं. पुढच्या खांबाला धरून मी उभी, कान लाल. चिंचणीला उतरताना पाटीवाली मला म्हणाली, "बाई, सासूच्या पोटावर नजर ठेवतेस होय?"

घरी गेले तर चूल थंड. स्वयंपाकघर रिकामं. खरं सांगते, मी ड्युटीला निर्धास्त जाते ती त्या बाईच्या जिवावर. पोरीला शाळेतून आणणं, माझा डबा, माझी पाठ दुखली तर तेल, सगळं तिचंच. मला फार वाईट वाटत होतं. पण कबुली दिली होती ना त्यांनी?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत खाणं टाकायला झाकण काढलं, तिरकं करून. दगडामागून दोन पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. मग लाल पाठ. कोळंबी! आधीपेक्षा थोडी मोठी, नव्या साडीतल्या नवरीसारखी चकचकीत.

तुम्हाला वाटेल, आता तरी माझे डोळे उघडले असतील. नाही. मी नरेशकडे वळून विचारलं, "बोईसरला कधी जाऊन आलात?"

"काय?"

"आईला वाचवायला दुसरी कोळंबी आणून सोडलीत ना?"

त्याने सरळ दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुकानदार सगळं ऐकून थंडपणे म्हणाला, "बेन, तिने कात टाकली. वाढते ना, मग जुनं साल काढून टाकते. नव्या अंगाने मऊ असते, म्हणून एक-दोन दिवस लपते. तुमच्या किनाऱ्यावरचा खेकडा नाही का टाकत?"

टाकतो की. लहानपणापासून बघतेय. खेकड्याची रिकामी सालं गोळा करून मी भातुकली खेळलेय! आणि ते तिरकं झाकण? ते रोज मीच तसं ठेवते. सासूबाईंचं पोट कशाने भरलं होतं, तर शेजारच्या बारशाच्या जेवणाने. तिथे मीही गेले होते.

दुसऱ्या दिवशी चिंचणीला गाडी लागली आणि मी पळतच सुटले. नणंदेचं घर स्टँडजवळच. अंगणात सासूबाई वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. मी म्हटलं, "आई, कोळंबी जिवंत आहे. चुकले मी. घरी चला."

"कोण हाय?" त्या नणंदेला म्हणाल्या. "तिकीट तपासायला आलीय का बघ."

मी तिथेच रडले. युनिफॉर्ममध्ये, गळ्यात मशीन. ड्रायव्हर तिकडे हॉर्नवर हॉर्न मारतोय. सासूबाईंनी बोंबील उलटून संपवले, हात धुतले, पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसल्या. मी भीतभीत मशीन धरून उभी राहिले.

"एक डहाणू," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "हाफ दे."

माझ्या जिवात जीव आला. संपलं म्हटलं एकदाचं.

पण कोळंबी वाढतच असते हो. मागच्या आठवड्यात माझी ड्युटी तलासरीला होती. स्टँडवर दुपारी डबा उघडला, तर भाकरीवर एक छोटी वाटी आणि वाटीत एक साल. डोकं, पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात फोन वाजला.

"मनीषा, डबा उघडलास?" सासूबाई विचारत होत्या. "आज मीठ बरोबर होतं."