फुली नसलेल्या चिठ्ठ्या

लातूरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने स्पर्धेसाठी अंतराळयानावरचे नाटक बसवायला घेतले होते. यानातल्या माणसांच्या जागी एकेक करून हुबेहूब त्यांच्यासारखे यंत्रमानव येतात आणि कोण खरा, कोण नकली हे कोणालाच कळेनासे होते, असे कथानक. दिग्दर्शक मी आणि यानाचा कप्तानही मीच. अभियंत्याचे काम वीस वर्षांपासूनच्या माझ्या मित्राकडे होते. मुरुडला त्याचे किराणा दुकान आहे.

तालमीत संशय खरा वाटेना. म्हणून मी पाच नटांना पाच चिठ्ठ्या वाटल्या. "एकीवर फुली आहे. ती मिळेल तो नकली. आठ दिवसांनी आपण त्याला ओळखायचे." वस्तुतः मी एकीवरही फुली केली नव्हती.

दुसऱ्याच दिवसापासून लोक चहा पितानासुद्धा एकमेकांना न्याहाळू लागले. यानाची डॉक्टर झालेली मुलगी माझ्या कानाशी लागली, "सर, काकांकडं ध्यान द्या. सगळे हसून झाल्यावर हसायलेत."

ते खरे होते. हाक मारली की माझा मित्र आधी आमच्या तोंडाकडे बघे, मग उत्तर देई. गप्पांत तर तो बसेनासाच झाला होता. फुली कोठेच नाही हे जाणणारा मी एकटा. तरी मीही त्याच्यावर पाळत ठेवू लागलो. नांदेडच्या दुसऱ्या मंडळाने त्याला फोडले असावे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

आठव्या दिवशी चौघांनी त्याच्याकडे बोट दाखवले. मीही हात वर केला.

"काढा काका चिठ्ठी, आता सुटका न्हाई!" एकाने आरोळी दिली.

मित्राने घडी उलगडून माझ्या तळहातावर ठेवली. कोरी. मग सर्वांनीच आपापल्या चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्याच कोऱ्या.

"ह्या पोरांचं जाऊ दे," तो मला म्हणाला. "तुला तर ठाऊक होतं गड्या. तू कशाला हात वर केलास?"

मी चिठ्ठ्या गोळा करू लागलो. त्यानंतर तो तालमीला आला नाही. चौथ्या दिवशी मी मुरुडला गेलो आणि दुकानाच्या पायरीवरूनच क्षमा मागितली.

"ह्या अंगाला येऊन बोल," त्याने डाव्या कानाला हात लावला. "उजव्यानं दोन महिने झाले, कायबी ऐकू येईना. सांगितलं असतं तर तू काम काढून घेतलं असतंस."

नाही म्हणणे सोपे होते. "हाव, घेतलं असतं," मी म्हणालो. "आता न्हाई घेणार."

त्याने तागडीत साखर घालून तोलली, पुडा बांधला आणि मग म्हणाला, "तर स्टेजवर माझ्या डाव्या अंगाला उभा राहत जा."

नांदेडला स्पर्धेच्या प्रयोगात मी तसाच उभा राहिलो. अभियंत्याची जागा मंचाच्या कडेला, त्याचा डावा कान प्रेक्षकांकडे, म्हणून मी त्याच्या नि प्रेक्षकांच्या मधे. कप्तान वारंवार प्रेक्षकांकडे पाठ फिरवतो, असा परीक्षकांचा शेरा पडला. तो मला मान्य आहे.

परतीच्या गाडीत मित्र डावीकडच्या खिडकीशी बसला. शेजारी मी, त्याचा उजवा कान माझ्याकडे. माझे बोलणे ऐकावे लागू नये म्हणून ही जागा त्याने मुद्दाम धरली असावी, अशी शंका मला आली, आणि त्या शंकेचीच पुन्हा लाज वाटली.