कूलरवाला

गोंदियातल्या आमच्या सायबर कॅफेचा मालक गिऱ्हाइकांपेक्षा कूलरकडे जास्त बघायचा. परदेशातल्या बिझनेस स्कूलसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची, म्हणून मी तिथे माइकवर बोलण्याचा सराव करायचो. इंग्रजी जेमतेम होतं, पण उच्चार अमेरिकन. रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून मालक न सांगता कूलर बंद करायचा. कोणी "अरे भैया, चालू करो" म्हटलं की दटावायचा, "चूप बसा, भाऊ अमेरिकेले जाऊन राहिला."

मे महिन्यातल्या एका दुपारी कॉम्प्युटरने विचारलं, तुम्हाला मॅनेजमेंट का शिकायचंय? सगळा कॅफे घाम पुसत माझ्या उत्तराची वाट पाहत होता. शेवटी मालक उठला, कूलर लावला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही आरामात विचार करा. तवरी आम्ही हवा खाऊन घेतो."