वाळवंटातली तारीण

मोटारीत बसायच्या आधी तारीणमावशी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घ्यायच्या. कोण जाड, कोण बारीक, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या हातात पिशव्या. मग हुकूम सुटायचा. "जोशीवहिनी, तुम्ही मधी. शैला, तू त्या अंगाला हो. आणि ती तांदळाची गोण पुढं पायाशी घ्या, मागं सगळा भार नको." रियाधच्या रुंद, सपाट रस्त्यावर आमची मोटार कलंडण्याची सुतराम शक्यता नव्हती. माझे यजमान एकदा वैतागून म्हणाले, "मावशी, ही गाडी आहे, होडी नाही."

"म्हणून तर सांगते," मावशी म्हणाल्या. "होडी बुडाली तर पोहता येतं. यातनं कुठं पोहणार तुम्ही?"

मावशी रियाधच्या एका खासगी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये सिस्टर होत्या. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठचं. वडील तारी, म्हणजे माणसांना खाडीच्या अलीकडून पलीकडे होडीनं नेणारे. घरात मुलगा नव्हता, त्यामुळे वल्हं मावशींच्या हातात लहानपणीच आलं. आडनाव काहीतरी वेगळंच होतं, पण पहिल्या भेटीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, "मी तारीण. नर्स नंतर झाले." तेव्हापासून शुक्रवारी जेवायला जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत त्या तारीणमावशीच झाल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची छाती कुणाला झाली नाही.

त्यांचा आवाज हा एक स्वतंत्र विषय होता. गावाकडे पलीकडच्या तीरावरून कुणी "ओ ताऱ्याऽऽ" अशी हाळी घातली की अलीकडून "ओऽऽ" अशी लांब साद द्यायची, म्हणजे पलीकडचा माणूस निश्चिंत होऊन कातळावर बसायचा. ती सवय वॉर्डातही गेली नाही. पेशंटनं घंटा वाजवली की कॉरिडॉरच्या टोकापासून मावशींची "ओऽऽ" ऐकू यायची. हळूहळू फिलिपिनो आणि केरळी सिस्टरसुद्धा तशीच "ओऽऽ" द्यायला लागल्या. एका इजिप्शियन डॉक्टरनं ही कुठली भाषा म्हणून चौकशी केली, तेव्हा मावशींनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं, "पाण्याची."

त्यांच्याकडून तरीच्या, म्हणजे होडीच्या फेऱ्यांच्या, गोष्टी ऐकाव्यात. नवरी रडत चढायची आणि मध्यावर पोचेपर्यंत करवल्यांबरोबर हसायला लागायची. मास्तर, कोंबड्या, भांडलेले भाऊ, सगळे एकाच फळीवर. भांडण असलं तरी गुडघ्याला गुडघा लावून बसावंच लागे. "पुढं लाँच आली," मावशी म्हणायच्या. "वेळ वाचला, खोटं कशाला बोलू? पण इंजिनाच्या आवाजात बोलणार काय आणि ऐकणार काय? माणसं शेजारी बसून गप्प राहायला लागली. बाबांनी होडी काठावर ओढली आणि उपडी घातली. त्या पावसाळ्यातच मी नर्सिंगला गेले."

कुवेत इराकनं घेतलं आणि आमच्या शुक्रवारच्या जेवणांत रेडिओ मध्यभागी आला. जानेवारीत युद्ध पेटलं, रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. सायरन झाला की तोंडाला गॅसचे मुखवटे चढवून आतल्या खोलीत बसायचं. मला सातवा महिना होता, आणि मुखवट्यात माझा जीव गुदमरायचा. मावशींचं नोकरीचं कंत्राट त्याच सुमारास संपलेलं, पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा, शिक्का बसलेला, सामान बांधून तयार; पण विमानं बंद. त्या आमच्याकडे राहायला आल्या. यजमानांच्या बँकेनं बायकामुलांना जिद्देच्या बाजूला हलवायचं ठरवलं. यजमानांना थांबावं लागणार होतं. बसच्या दाराशी ते माझी पिशवी हातातून सोडेनात, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काळजी करू नका. माझ्या हाती दिलेलं माणूस मी पलीकडे पोचवते."

आमची व्यवस्था झाली ती थुवालला. आज तिथं मोठं संशोधन विद्यापीठ आहे. तेव्हा तांबड्या समुद्राकाठचं ते कोळ्यांचं गाव होतं. बँकेतल्या एका सौदी सहकाऱ्यानं आपल्या वडिलांच्या घरातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. वडिलांना सगळे अबू सालेम म्हणत. आयुष्यभर मासेमारी केलेला, उन्हानं काळा पडलेला म्हातारा. पहिल्याच सकाळी मावशी अंगणात गेल्या त्या परत येईनात. जाऊन बघते तर भिंतीला टेकून ठेवलेल्या एका जुन्या लाकडी होडीवरून त्या हात फिरवत उभ्या.

अबू सालेम लांबूनच म्हणाला, "हूरी."

मला वाटलं, म्हातारा स्वर्गातल्या अप्सरेबद्दल काही बोलतोय की काय! मी पदर सारखा केला. पण तो बोट दाखवत होता होडीकडे. "हूरी," तो पुन्हा म्हणाला. "मिनल हिंद." हिंदुस्थानातून आलेली.

मावशींचे डोळे मोठे झाले. "होडी," त्या म्हणाल्या.

"हूरी."

"होडी!"

"हूरी!" आणि दोघं लहान मुलांसारखी हसायला लागली. त्याच्या आजानं ती मलबारच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती म्हणे. एका खोडातून कोरलेली. आता त्याच्या मुलांकडे फायबरच्या, इंजिनाच्या बोटी होत्या. युद्धामुळे तटरक्षक त्याही फार लांब जाऊ देत नसत. हूरीला कोण विचारतो? म्हातारा मात्र दरवर्षी तिला माशाचं तेल पाजत होता. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून फडकं घेऊन त्याला मदत सुरू केली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण दुपारभर बोलणं चालायचं. त्याचा एक मुलगा मला म्हणाला, "आमच्या वडिलांना इतकं बोलताना आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही."

अशाच एका दुपारी मी त्यांना म्हटलं, "मावशी, बाळंतपण कधी चुकीच्या वेळी आलं तर?" मी सहज विचारलं होतं. मावशींचा हात फडक्यावर थांबला.

"माझ्या आईचं आलं होतं," त्या म्हणाल्या. "दवाखाना पलीकडे. कळा सुरू झाल्या तेव्हा नेमकी ओहोटी. पाणी दूर, मधे गुडघाभर चिखल. बाबा एकटे होडी ढकलत होते, ती हलेना. मग ठरलं की पाणी चढेपर्यंत थांबायचं." त्यांनी फडकं पिळलं. "पाणी चढलं. आई तेवढं थांबली नाही. घरात तारी, दारात होडी, गो बाय."

त्यांनी पुन्हा तेल लावायला घेतलं.

फेब्रुवारीत जिद्देहून थोडी विमानं सुरू झाली. मावशींना जागा मिळाली. त्यांचा एक्झिट संपायला आला होता, तेव्हा हे विमान गाठणं भागच होतं. मी त्यांची बॅग आवरायला घेतली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच कपड्यांच्या पुन्हापुन्हा घड्या करत होते. मावशींनी माझ्या हातातली साडी काढून घेतली.

"राहू दे. मी जात नाही."

"मावशी, एक्झिट संपला तर इकाम्याची, कफीलची किती लफडी होतील! राहायचा परवाना नाही, जामीन राहणारा मालक नाही, पुन्हा कोण काढून देणार?"

"भरती चुकली तर माणूस पुढच्या भरतीनं जातो. तुझं पोर काही भरतीचं वेळापत्रक बघून येणार नाही."

विमान गेलं. युद्ध संपल्याची बातमी रेडिओवर आली, आणि त्याच आठवड्यात तिथं क्वचित पडतो तसा धो धो पाऊस पडला. डोंगरातलं पाणी लोंढ्यानं उतरलं आणि गाव ते हमरस्ता यांमधल्या सखल खारट जमिनीवर पसरून बसलं. एक पिकअप त्यात रुतून आडवी झालेली दिसत होती. अशा सकाळी माझ्या पोटात पहिली कळ आली.

मावशींनी मला तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळ आडवं होतं. घरी सुटका होण्यासारखी नव्हती. जिद्देचं इस्पितळ गाठायला हवं होतं. अबू सालेमच्या मुलानं फोन करून अँब्युलन्स मागवली. ती हमरस्त्यापर्यंत येणार होती. पण हमरस्ता होता पाण्यापलीकडे. इंजिनाची बोट त्या उथळ पाण्यात चालेना, पंखा चिखलात अडकायचा.

मावशी म्हणाल्या, "हूरी काढा."

मुलं बापाकडे बघायला लागली. म्हातारा उठून उभा राहिला. "यल्ला!" चला, एवढंच म्हणाला.

हूरी पाण्याच्या काठाशी आणली. पाण्यापर्यंत मधे नुसता गाळ. चार माणसांनी ढकलली तरी ती रुतून बसली. मावशींनी अंगावरचा काळा, पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत खोचला, त्या घरात धावल्या, आणि अबू सालेमच्या बायकोला घेऊन बैठकीतल्या प्लॅस्टिकच्या चटयाच ओढत घेऊन आल्या. चटया चिखलावर पसरल्या, वर पाणी ओतलं. होडी त्यावरून साबणाच्या वडीसारखी घसरत गेली. नंतर मी विचारलं तेव्हा कळलं, आई गेल्यावर कितीतरी दिवस पोरवयातली ही तारीण ओहोटीत एकटीच चिखलात उतरून होडी हलवायच्या युक्त्या करत राहिली होती. झावळ्या टाकून बघ, फळ्या टाकून बघ. कुणासाठी करतेस म्हणून लोक विचारायचे.

मला आत निजवलं. म्हातारा पुढे बसून वाट दाखवत होता. मागे मावशी उभ्या, हातात लांब बांबू. ज्या देशात बाईला मोटारीचं चाक हातात धरायची परवानगी नव्हती, तिथं गावातले सगळे पुरुष काठावर उभे राहून एका बाईला होडी चालवताना बघत होते. कुणी हसलं नाही. कळ आली की मी किंचाळत होते आणि दर किंचाळीला वरून "ओऽऽ" येत होती, शांत, लांब, जणू मी पलीकडच्या तीरावरून हाक मारत होते आणि त्या निघालेल्याच होत्या.

दुपारी जिद्देला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. शुद्धीवर आले तेव्हा मावशी पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या. पायांवर वाळलेला चिखल तसाच. मुलीला माझ्या कुशीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून त्या खूप वेळ रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

एक्झिटचं लफडं व्हायचं ते झालंच. रोज नवा शिक्का, नवा साहेब. शेवटी अबू सालेमच्या मुलानं स्वतः खेटे घालून नवा एक्झिट काढून आणला. विमानतळावर निरोप द्यायला म्हातारा आला होता. तो म्हणाला, "हूरी." मावशी म्हणाल्या, "होडी." आणि त्या आत गेल्या.

पुढे आम्हीही परतलो. मी जमेल तेव्हा मुलीला घेऊन त्यांच्या गावी जायची. खाडीवर पूल झाला होता, लाँचही बंद पडली होती. मला हळहळ वाटायची. मावशींना मुळीच नाही. "पूल झाला ते सोनं झालं," त्या म्हणायच्या. "आता कुठल्या बाईला पाण्याची वाट बघायला नको." पण संध्याकाळी त्या उगाच जेटीवर जाऊन बसत, हे मी पाहिलं होतं.

मग खाडीत पर्यटन आलं. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी कांदळवन दाखवायला होड्या घ्यायच्या ठरवल्या, इंजिनाशिवायच्या, म्हणजे पक्षी उडत नाहीत. वल्हवणार कोण? पुरुषांतही ते येणारं कुणी उरलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी त्या बायकांना वल्हं धरायला शिकवलं. मी गेले तेव्हा नारिंगी जाकिटं घातलेले पर्यटक आणि त्यांचे कॅमेरे बघून मावशी हसत होत्या. "आमच्या वेळी लोकांना पलीकडे जायचं असायचं, गो बाय. यांना कुठंच जायचं नसतं. तासभर फिरतात आणि चढले तिथंच उतरतात. तरी पैसे देऊन खूश!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण बोलतात हो एकमेकांशी. इंजिन नाही ना."

मावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पोचेपर्यंत दहन उरकलं होतं. मला वाटलं, आज होड्या काठाला असतील. पण जेटीवर गर्दी होती. गटातली सुगंधा म्हणाली, "मावशी सांगून गेल्यात, होडी कुणाच्या मरणासाठी बंद ठेवायची नाही. बसा तुम्ही."

मी बसले. समोर पुण्याकडचं एक नवं जोडपं होतं. खंड्या दिसला म्हणून ती मुलगी हरखून नवऱ्याचा दंड ओढत होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि सुगंधानं सांगितलंही नाही. ती पक्ष्यांची नावं सांगत होती, कांदळाची मुळं दाखवत होती, संथपणे वल्हवत होती. मधेच तिचे डोळे भरून आले. दोन्ही हात वल्ह्यांवर होते. तिनं खांद्यावर गाल घासून डोळे पुसले आणि होडी पुढे नेली.