वडाया मानसं

लोणावळ्यातल्या शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो. ‘पुल थ्रू’ फळ्यावर लिहिलं की त्याचे अर्थ सांगतो: आजारातून उठणं, कठीण काळातून निभावणं, आणि दुसऱ्याला त्यातून निभावून नेणं. गेल्या पावसाळ्यात वडील तळेगावच्या दवाखान्यात होते, तेव्हा यातला एकही अर्थ मला वेळेवर सुचला नाही.

न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. ‘ही मे पुल थ्रू.’ बाहेर बाकावर आई बसली होती.

“काय म्हनला?”

मी घाबरलो होतो. शब्दाला शब्द ठेवून मोकळा झालो. “म्हणाले, ओढून काढता येईल कदाचित.”

“मंग वडाया मानसं नगं का?”

तिला खाचरात रुतलेली म्हैस दिसली असावी. तिनं माझ्याकडून गावी फोन लावून घेतला. “डाक्टर म्हनतोय वडाया पायजे. मी एकली हाय हितं.”

दुसऱ्या दिवशी आंदर मावळातल्या आमच्या गावातून पाच जण आले. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अर्ध्यावर टाकून, एसटी मिळेपर्यंत चालत. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. आत एका वेळी एकालाच सोडत. जो जाई तो वडिलांचा हात दोन्ही हातांत धरून बसे आणि पुढचा आल्याशिवाय सोडत नसे. का आलो, काय करायचं, कुणीच विचारलं नाही.

त्या पाचांतले वडिलांच्या वयाचे एक शेजारी त्यांच्या कानाशी वाकले. “ऊठ की रं. तुजी आवणी बी आमीच करायची व्हय?”

वडिलांनी डोळे उघडले. “वाकडी लावशीला.”

मी दारात उभा होतो. तीन दिवस मी औषधं आणली, कागदांवर सह्या केल्या. तो हात धरून बसावं, हे मला सुचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी वडील गेले. हात तेव्हाही त्या शेजाऱ्यांच्याच हातात होता.

दिवाळीनंतर मी आईला खरं सांगितलं. “डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. आबा आपले आपण यातून उठतील कदाचित, असं म्हणाले होते.”

आई तांदूळ निवडत होती. “येकल्यानं?”

“हो.”

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

“चुकलास ते बरं झालं,” ती म्हणाली. “न्हाईतर येकलेच गेले आस्ते.”