धायटीच्या उतारावर

आमची पोस्टिंग जम्मूकडच्या डोंगरात आली तेव्हा कंपनीत यवतमाळचे आम्ही दोघेच होतो. मी आर्णीकडचा बनसोड. दुसरा लिंगू आत्राम, मुकुटबनच्या पलीकडच्या कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. कापसाचे ते वाईट दिवस. भरतीच्या मैदानावर आमच्या जिल्ह्याची पोरं हौसेनं धावत नव्हती.

मी काळ्या मातीतला माणूस. कापसाची पऱ्हाटी सोडून झाड ओळखायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि लिंगूला याची भारी मजा वाटे. एका सुटीत त्यानं मला पोडामागच्या टेकडीवर नेलं. सगळा खडक आणि मुरूम. त्यात माणसाच्या उंचीची झुडपं, लांब वाकलेल्या फांद्या, फांदीभर नळीसारखी लाल फुलं. मी म्हणालो, डाळिंब. तो पोट धरून हसला.

“धायटी हाये ते, भाऊ. पान पालटून पाह्य. खालून बारीक ठिपके दिसून राह्यले नं? डाळिंबाले नसते.” एक फूल खुडून त्यातला मध त्यानं चोखला. “अन् हे पाण्याजवळ नाई राह्यत. दगडाचा उतार पाह्यजे, ऊन पाह्यजे. तुमच्या वावरात लावसान तं मरून जाईन.”

खालून त्याची आई हाका मारत होती. भाकरी थंड होत होत्या.

पुढच्या चैत्रात, सकाळच्या पेट्रोलिंगवर, ओढा ओलांडताना फायर आला. लिंगू स्काउट म्हणून सर्वांत पुढे होता. फायर थांबला तोवर ढग अंगावर उतरला होता. हाकेच्या अंतरावरचं दिसेना, आणि लिंगू जागेवर नव्हता. थोड्या वेळानं रेडिओ सेट बोलला.

“सर, जांघ में गोली है. पट्टी बांधी है. खून नहीं रुक रहा.”

“लोकेशन?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“पता नहीं, सर. गिरते-पडते आया.”

साहेब तुकडी ओढ्यानं खाली उतरवणार होते. फायर तिथेच आला, तर माणूसही तिथेच पडला असणार. मी सेट मागून घेतला आणि नियम मोडून वऱ्हाडीत बोललो.

“लिंग्या, बाजूले काय दिसून राह्यलं?”

“झुडपं हायेत. लाल फुलं.”

धायटी त्या डोंगरातही होती, पण लाल फुलं तिथल्या रानडाळिंबालाही होती, आणि ते ओढ्याकाठी माजलेलं.

“पान पालटून पाह्य.”

सेट नुसता खरखरत राहिला. रक्त जाणाऱ्या माणसाला मी पानं तोडायला लावत होतो. माझा मलाच राग आला.

“ठिपके हायेत, भाऊ.”

“सर, वो ऊपर है. नाले में नहीं.”

“पक्का?”

“पक्का, सर. ये झाड़ पानी के पास नहीं होता.”

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “ऊपर चलो.”

वरच्या दगडी उतारावर तो सापडला. जिवंत होता. मला पाहून म्हणाला, “डाळिंब म्हणशीन वाटलं.”

आम्ही त्याला स्ट्रेचरवर घेऊन निघालो. रस्त्यावर गाडी उभी होती, पण गाडीपर्यंत तो पोचला नाही. त्याचा हात माझ्या हातात होता. ओढ्यात उतरलो असतो तर तो एकटाच गेला असता. एवढं आमच्याकडून झालं, आणि तेवढं मला आजही पुरत नाही.

त्याला पोडावर मीच घेऊन आलो. सलामी झाली, साहेबलोक गेले. मग त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

“कुठं पडला रे माहा लिंगू? बर्फात?”

“नाई माय. धायटीत.”

“फुलावर व्हती?”

“व्हती.”

ती टेकडीकडे बघत म्हणाली, “मंग ते जागा पाह्यली हाये म्या.”

मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. चैत्रात धायटी फुलली की मी पोडावर लिंगूच्या आईकडे जातो आणि आम्ही दोघं टेकडी चढतो. वर ती चपला काढून उभी राहते. मी सावधान होऊन सलाम करतो. मग ती मला खाली चलायची घाई करते. भाकरी थंड होतात म्हणते.